राणीघराला टोपण पडल्यानंतरचा आठवडा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या रानात, शिवरात्रीच्या सुमारास अंजनी आणि जांभूळ फुलू लागले, की परसात सातेरी या देशी मधमाशीची पेटी सांभाळणाऱ्याने आतल्या पोळ्यांच्या चौकटी अधिक बारकाईने पाहायला हव्यात. पराग आणि मकरंद मुबलक मिळाल्याने राणी भराभर अंडी घालते, पेटी दाटते आणि राणीच्या अंगातून स्रवणारा, तिच्या असण्याची खूण देणारा गंध त्या गर्दीत प्रत्येक कामकरी माशीपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबती राणीघरे, म्हणजे नवी राणी वाढवण्याची घरे, दिसू लागतात.

यानंतर थवा उडाला, की ‘माश्या पळाल्या’ असे सर्रास म्हटले जाते. हा शब्द मला चुकीचा वाटतो. उपासमार, मुंग्या किंवा मेणकिडा यांमुळे सातेरीची वसाहत पोळी टाकून पूर्णपणे निघून जाते, ते पलायन होय. येथे मात्र जुनी राणी सुमारे निम्म्या माश्यांसह बाहेर पडते आणि मागे पिलावा (वाढती अंडी-पिले), मध व राणीघरे राहतात. वसाहतीची वीण अशीच होते.

अंड्यापासून राणी तयार होण्यास सुमारे पंधरा-सोळा दिवस लागतात. आठव्या दिवसाच्या आसपास राणीघराला मेणाचे टोपण पडते आणि हवा चांगली असेल तर त्याच सुमारास जुनी राणी उडते. म्हणून वसाहतीचे दोन पेट्यांत विभाजन टोपण पडण्यापूर्वीच केलेले बरे. जुनी राणी, पिलाव्याच्या काही चौकटी आणि त्यांवरील माश्या नव्या पेटीत घ्याव्यात. जुन्या पेटीत एक-दोन सुदृढ राणीघरे ठेवून बाकीची काढावीत. चरायला जाणाऱ्या माश्या जागा लक्षात ठेवून परततात, त्यामुळे दोन्ही पेट्या मूळ जागेच्या डाव्या-उजव्या बाजूंस सारख्या अंतरावर ठेवल्या, तर या माश्या दोन्हींत वाटल्या जातात. नवी राणी हवेत अनेक नरांशी समागम करून अंडी घालू लागेपर्यंत जुनी पेटी वारंवार उघडू नये.

तरीही थवा उडालाच, तर तो बहुधा जवळच्या आंब्या-फणसाच्या फांदीवर घोसासारखा लटकतो. शोधक माश्या तेथून घर पाहायला जातात आणि परतून घोसावर नाच करत जागेची दिशा व अंतर सांगतात. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये युरोपीय माशीच्या थव्यावर हे प्रथम ओळखले. मकरंद आणणाऱ्या नव्हे, तर अंगाला काजळी आणि धूळ लागलेल्या, म्हणजे घरासाठी पोकळ जागा पाहून आलेल्या माश्या तेथे नाचत होत्या. एकमत झाले की थवा उडून जातो, म्हणून हाताशी वेळ थोडा असतो.

निघताना या माश्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखण्यासारखे घर नसते, त्यामुळे त्या सहसा शांत असतात. त्यांच्यावर पाणी मारणारे किंवा पेटते पलिते धरणारे लोक पाहिले, की फार वाईट वाटते. (आग्या माशीची गोष्ट वेगळी, तिच्या मोहोळाजवळ अननुभवी माणसाने जाऊच नये.) चेहऱ्यावर जाळी घालून घोसाच्या वर बुट्टी उपडी धरावी आणि खालून किंचित धूर द्यावा, माश्यांची ओढ वरच्या अंधाराकडे असते. राणी आत गेली, की उरलेल्या तिच्या मागे चढतात. संध्याकाळी त्यांना पेटीत घालताना दुसऱ्या वसाहतीतील उघड्या पिलाव्याची एक चौकट द्यावी, कारण पिले असलेली जागा माश्या सहजी सोडत नाहीत. साखरेचा पाक द्यावा आणि राणीला अडवणारी, पण कामकरी माश्यांना वाट देणारी जाळी काही दिवस दारावर बसवावी. नवी पोळी बांधलेली आणि त्यांत अंडी दिसली, की दारावरची ही जाळी काढावी.