जेसीबीचे दात : झीज व निगा (नाशिक परिसर)

बॅकहो (मागे खोदणारा हात असलेल्या) प्रकारच्या खोदयंत्राच्या मागील बकेटच्या कडेवर बसवलेली, बदलता येण्याजोगी पोलादी टोके. एका बकेटला साधारणतः चार ते सहा दात असतात. जमिनीला पहिला स्पर्श त्यांचा, म्हणून पहिली झीजही त्यांचीच. दात झिजून जावा आणि त्यामागची पट्टी वाचावी, हा हिशेब यंत्राच्या रचनेतच धरलेला आहे. दात झिजणे हा बिघाड नव्हे. झिजलेला दात तसाच ठेवून काम ओढत राहणे हा बिघाड होय. प्रस्तुत नोंदीत नाशिक शहर व जिल्ह्यातील जमीन समोर ठेवून या दातांचा विचार केला आहे.

संज्ञा : ‘जेसीबी’ हे मुळात जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाचे आद्याक्षरी रूप. मराठीत मात्र मागे खोदणारा हात आणि पुढे भरणारे सूप असलेले कोणत्याही कंपनीचे यंत्र जेसीबीच. सलग पट्ट्यांवर चालणारे व वरचा भाग पूर्ण गोल फिरणारे यंत्र ते ‘पोकलेन’. हे नाव पोक्लँ या फ्रेंच कंपनीवरून आले. ‘दात’ हा शब्द मात्र परका नाही. करवतीला, विळ्याला दात होतेच. ‘दंताळे’ तर नावातच दात घेऊन आले. गॅरेजमध्ये ‘टीथ’ आणि ‘दात’ दोन्ही चालतात. बिलावर टीथ, तोंडी दात.

उगम : मागे हायड्रॉलिक हात असलेले हे यंत्र प्रथम कोणी केले, यावर एकमत नाही. प्रचलित समजुतीनुसार हे श्रेय बॅमफर्ड यांच्याकडे जाते. १९४५ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशरमध्ये, अटॉक्सिटर येथे एका गॅरेजवजा जागेत त्यांनी व्यवसाय सुरू केला आणि १९५३ मध्ये फोर्डसन मेजर ट्रॅक्टरवर खोदणारा हात व पुढे लोडर अशी जोडणी बाजारात आणली. अमेरिकन अभ्यासक मात्र वेन-रॉय या मॅसॅच्युसेट्समधील जोडकंपनीकडे बोट दाखवतात. व्हायनो होलोपाइनेन व रॉय हँडी यांनी १९४७ च्या सुमारास फोर्ड ट्रॅक्टरला जोडता येईल असा हायड्रॉलिक खोदहात तयार केला व १९४८ मध्ये त्याची विक्रीही झाली. तिसरा दावा केस या अमेरिकन कंपनीचा : ट्रॅक्टरला नंतर जोडलेले नव्हे, तर कारखान्यातूनच एकसंध बनून आलेले पहिले यंत्र आपले, १९५७ चे. तिन्ही दाव्यांत ‘पहिले’ या शब्दाचा अर्थ वेगवेगळा आहे. खोदहाताची कल्पना वेन-रॉयची आणि पुढे-मागे दोन्हीकडे काम करणाऱ्या जोडयंत्राचा प्रसार बॅमफर्ड यांचा, असे मानणे उपलब्ध तारखांशी अधिक जुळते. भारतात हे यंत्र १९७९ पासून हरियाणातील बल्लभगड येथे एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत बनू लागले.

दातांचा इतिहास त्याहून जुना. विल्यम ओटिस यांना वाफेच्या खोदयंत्राचे अमेरिकन पेटंट १८३९ मध्ये मिळाले. त्या प्रकारच्या यंत्रांच्या बकेटांना लोखंडी दात असत. यंत्रापूर्वी हेच काम कुदळीचे टोक आणि पहार करीत. नाशिकच्या खेड्यांत कुदळ बोथट झाली की लोहाराकडून शेवटून आणत : टोक तापवायचे, ठोकून काढायचे, पाणी द्यायचे. दाताची आजची उष्णता-प्रक्रिया तत्त्वतः त्या पाणी देण्याहून निराळी नाही. फरक आहे तो मोजमापाचा.

धातू : दात कशाचा असावा, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ च्या सुमारास शोधलेले, सुमारे १२ ते १४ टक्के मँगनीज असलेले पोलाद मार खाऊन कठीण होते : सुरुवातीला त्याची ब्रिनेल कठिनता (धातूच्या कठीणपणाचे एक माप) २०० च्या आसपास, आणि दगडाचे तडाखे बसत गेले की पृष्ठभाग ५०० च्या घरात जातो. खडीच्या क्रशरच्या जबड्यात म्हणूनच ते वापरतात. ‘मँगनीजचा दात म्हणजे चांगला दात’ ही विक्रेत्यांची बोली तिथूनच आलेली दिसते. परंतु बॅकहोच्या बकेटला क्रशरसारखा मार बसत नाही. काळ्या मातीत आणि मुरमात दात घासला जातो, ठोकला जात नाही. मार नाही म्हणून कठीण होणे नाही, आणि २०० ची मऊ कठिनता घेऊन तो लवकर संपतो. त्यामुळे या यंत्रांचे दात सहसा क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांचे अल्प प्रमाण असलेल्या पोलादाचे, तापवून विझवलेले व पुन्हा मंद तापवलेले असतात. त्यांची ब्रिनेल कठिनता ४५० ते ५०० च्या आसपास असते.

घडीव दात बरा की ओतीव, हा वाद गॅरेजांत नेहमीचा. घडीवात पोकळ्या राहत नाहीत, ओतीवात हवा तो आकार व मिश्रधातू मिळतो. खरा फरक पडतो तो कठिनता किती खोलवर गेली आहे याने. स्वस्त दाताची साल कठीण आणि गाभा मऊ असतो. साल जाईपर्यंत तो नीट चालतो आणि मग साखरेसारखा विरघळतो. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी परीक्षा कानशीची. चांगल्या दातावर कानस घसरते, मऊ दातावर ती धरते आणि चमकदार कीस पडतो. मात्र ही परीक्षा सालीचीच होय. गाभ्याची परीक्षा जमीनच घेते.

नाशिकची जमीन व झीज : जिल्हा दक्खनच्या लाव्हाथरांवर आहे, हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. या लाव्हाच्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मूळचा क्वॉर्ट्‌झ (गारगोटीचे खनिज) जवळजवळ नसतो. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापक्रमावर (१ ते १०) क्वॉर्ट्‌झ ७, तर बेसाल्टमधील मुख्य खनिजे ५ ते ६.५ च्या दरम्यान. दाताचे पोलाद व्हिकर्स कठिनतेत (कठीणपणाचे आणखी एक माप) साधारण ५००, क्वॉर्ट्‌झ १,१०० च्या आसपास. घासणारा कण धातूहून स्पष्टपणे कठीण असला की झीज एकदम वाढते. म्हणून क्वॉर्ट्‌झ असलेल्या ग्रॅनाइटपासून बनलेल्या वाळूमय जमिनीत दात जितक्या लवकर जातात, तितक्या लवकर ते इथल्या निखळ मुरमात जात नाहीत. दात किती तास टिकतील याचा परराज्यातील अंदाज इथे लावला तर चुकतो, तो यामुळेही.

पण बेसाल्ट सगळीकडे सारखा नसतो. लाव्हातील वायूंच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या, असा कुहरी खडक जिल्ह्यात पुष्कळ आहे. भरण झिओलाइटचे असेल तर ते मऊ. अकीक, कॅल्सेडनी किंवा क्वॉर्ट्‌झचे असेल तर ते दाताला कानशीसारखे घासते. एकाच शेततळ्यात वरच्या दोन हातांत काळी, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली कुहरी खडक आणि तळाशी घट्ट पाषाण लागू शकतो. सकाळी लोण्यासारखी चाललेली बकेट दुपारी ठणठणू लागते. दात किती तास चालतात, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही, ते म्हणूनच.

निफाडकडची गोदाकाठची खोल काळी दातांना सोपी. ओली असताना ती दातांच्या मध्ये चिकटून बकेट भरते, हा त्रास निराळा. सिन्नर, येवला, चांदवड या कोरड्या भागांत ‘मागेल त्याला शेततळे’ (२०१६) या योजनेनंतर उन्हाळ्यात मुरूम-पाषाणातील खोदकाम वाढले. गाळ काढण्याच्या कामात दात जवळपास झिजतच नाहीत. तिथे दाताऐवजी सपाट पट्टी लावलेली बकेट अधिक चांगली. शहरात, विशेषतः सिंहस्थाच्या आधीच्या वर्षांत रस्ते उकरले जातात तेव्हा, जुना डांबरी थर, काँक्रीट आणि त्यातील सळ्या दातांचा चुरा करतात. ब्रेकर न लावता बकेटनेच काँक्रीट उपसण्याचा मोह ऑपरेटरला नसतो, तो कामाचा दर ठरवणाऱ्याला असतो.

ओळख : नवा दात छिन्नीसारखा, कडा सरळ. झिजलेला दात टोकाकडे गोल होतो आणि त्याचा पुढचा भाग नाण्यासारखा चकचकीत दिसतो. जमिनीकडची बाजू आधी जाते, त्यामुळे वरून बरा दिसणारा दात खालून पातळ झालेला असतो. वाकून खालून पाहिल्याशिवाय मत देऊ नये. कोपऱ्यांतले दात मधल्यांपेक्षा लवकर संपतात, कारण खड्ड्याच्या भिंतीही तेच घासतात. कानाने ओळखायचे तर, धारदार दात मुरमात शिरतो तेव्हा आवाज दबका येतो. बोथट दात घसरतो, हात थरथरतो आणि यंत्राची मागची बाजू उचलली जाऊ लागते. तोवर डिझेल जास्त जाऊ लागलेले असते. लांबी निम्म्याच्या आसपास आली की बदलावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. दातामागची पट्टी चमकू लागली असेल तर उशीर झालेला आहे.

बदल : इथल्या बॅकहोंवर दात बहुधा बोल्टचे असतात : प्रत्येक दाताला दोन बोल्ट, मधले दात एकसारखे, कडेचे डावे व उजवे निराळे. घेताना डावा-उजवा सांगावा लागतो. पोकलेनला वेल्ड केलेल्या अडॅप्टरवर पिनेने अडकवलेले दात असतात. त्यांतले पुष्कळसे उलटवून बसवता येतात आणि कोपऱ्यातले मध्ये आणता येतात. बोल्टच्या कडेच्या दातांना ही सोय नाही.

काढताना खरी अडचण बोल्टची. डोके घासून गोल झालेले असते, पाना धरत नाही; मग ग्राइंडर किंवा गॅस कटर. जुने बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते ढिले पडले की दात हलतो, भोक लांबट होते आणि पुढचा नवा दातही तिथे घट्ट बसत नाही. पहिल्या दिवसाच्या कामानंतर एकदा पाना फिरवून बघणे, हे सोपे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. बकेट लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच हात घालावा. कठीण दातावर घण मारल्यास कपच्या उडतात व डोळा जाऊ शकतो; मध्ये मऊ धातूचा तुकडा धरावा आणि चष्मा लावावा.

वेल्डिंग : झिजलेल्या दातावर ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा वेल्ड करून काम भागवण्याची युक्ती बांधावरच्या वेल्डरना चांगली ठाऊक आहे. पाट्याचे पोलाद कर्बाने समृद्ध व कठीण असल्याने ते टिकेल असे वाटते. परंतु अशा पोलादाचा जोड थंड होताना सांध्यालगत ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तुकडा तिथूनच, बहुधा खड्ड्याच्या तळाशी, तुटतो. एखाद्या दिवसाची निकड भागवायला ठीक. याला दुरुस्ती म्हणणे अवघड आहे.

हार्डफेसिंग रॉडने कठीण थर चढवणे ही शास्त्रशुद्ध पद्धत. क्रोमियम कार्बाइडच्या थरात आडव्या बारीक भेगा पडतात. नवखा वेल्डर त्या पाहून घाबरतो, पण ताण मोकळा होण्याची ती रीत आहे. वेल्डच्या पट्ट्यांची दिशा जमीन कशी आहे यावर ठरते : मोठ्या दगडात मातीच्या प्रवाहाला समांतर, वाळूत व बारीक मातीत प्रवाहाला आडव्या, म्हणजे मधल्या खाचांत माती भरून तीच ढाल होते, मिश्र जमिनीत चौकटी. मिश्रधातूच्या दाताला आधी सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत ऊब द्यावी. मँगनीज पोलादाला याच्या नेमके उलट : ते सुमारे २६० अंशांच्या वर फार वेळ राहिले की ठिसूळ होते, म्हणून थोडे वेल्ड, थोडी विश्रांती. कोणते पोलाद आहे हे न पाहता रॉड लावणारे जास्त. थर चढवायचा तो दात नवा असताना. अर्धा गेलेल्या दातावरचा खर्च क्वचितच वसूल होतो. यंत्रावरच वेल्ड करताना बॅटरीची जोडणी काढावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर प्रवाह पिना व बुशांमधून जाऊन त्यांवर डाग पाडतो.

विल्हेवाट : काढलेले दात भंगारात वजनावर जातात. पोलाद ओळखायला तिथे चुंबक पुरतो : मिश्रधातूच्या दाताला तो चिकटतो, मँगनीजच्या दाताला जवळजवळ चिकटत नाही. वेल्डरकडे जाण्याआधी हाच चुंबक लावून पाहिला तर कोणता रॉड, किती ऊब, हे दोन्ही ठरते.