सॅटिस हाउस

चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीतील मिस हॅविशॅम हिचा पडका वाडा. ही कादंबरी १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात डिकन्स यांच्याच ‘ऑल द यिअर राउंड’ या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली.

वाडा जुन्या विटांचा. काही खिडक्या बुजवलेल्या, उरलेल्यांपैकी खालच्यांना गंजलेले गज. शेजारी बिअर गाळण्याचा बंद पडलेला कारखाना. घराण्याची श्रीमंती त्यातूनच आलेली. ती श्रीमंती ओसरली म्हणून मात्र वाड्याला ही कळा आलेली नाही. लग्नाच्या सकाळी बाई नटत असतानाच नवरदेवाचे पत्र आले आणि लग्न मोडले. तेव्हा ८ वाजून ४० मिनिटे झाली होती. तिने सगळी घड्याळे तिथेच थांबवली आणि दिवसाचा उजेड कायमचा बंद केला. एक बूट पायात, दुसरा अजून आरशापुढच्या मेजावर. न घातलेल्या बुटाखालचा रेशमी मोजा झिजून चिंध्या झालेला. पांढरा पोशाख पिवळा पडला, लग्नाचा केक जाळ्यांनी झाकला गेला आणि त्यात कोळी ये-जा करू लागले. वाडा असा जाणूनबुजून कुजवला आहे, आणि कादंबरीतली खरी भीती इथेच आहे.

‘सॅटिस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘पुरेसे’. हे घर ज्याचे, त्याला आणखी काही नको, असा त्याचा अर्थ एस्टेला कादंबरीचा नायक असलेल्या छोट्या पिपला सांगते. एस्टेला म्हणजे पुरुषांची मने मोडावीत म्हणून बाईने दत्तक घेऊन वाढवलेली मुलगी.

वास्तूचा नमुना केंटमधील रॉचेस्टरचे ‘रिस्टोरेशन हाउस’ मानला जातो; ‘सॅटिस हाउस’ नावाचे घरही त्याच गावात आहे. डिकन्स यांचे बालपण या परिसरात गेले आणि अखेरची वर्षेही.

बाईला केवळ वेडी किंवा दुष्ट ठरवणे अन्यायाचे आहे. एस्टेला तिच्याशीही तितकीच थंडपणे वागते; पुढे एस्टेलावर प्रेम करणाऱ्या पिपचे दुःख पाहून आपण काय करून बसलो हे तिला कळते. पिपपुढे गुडघे टेकून ती क्षमा मागते. त्याच भेटीत शेकोटीचा जाळ तिच्या पोशाखाला लागतो. पिप स्वतःचे हात भाजून घेत तिला विझवतो. मेजावरचे कापड ओढताना केकची सारी घाण खाली येते. त्या दुखण्यातून ती उठत नाही. पुढे वाडा पाडून त्याचे सामान विकले जाते. पिप अनेक वर्षांनी येतो तेव्हा बागेची भिंत तेवढी उभी असते आणि ढिगाऱ्यावर जुन्या आयव्हीच्या वेलीने पुन्हा मूळ धरलेले असते.