इन्स्टॉलेशन टूलकडच्या फीचर मागण्या : खानदेशातला वापर

ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी किंवा आयएसओ (सीडीची फाइलच्या रूपातली प्रत) जशी कंपनीकडून आली तशीच न वापरता तिच्यात आधीच ड्रायव्हर, अपडेट, भाषा, सेटिंग घालून किंवा नको ते भाग काढून नवी आयएसओ बनवणारं सॉफ्टवेअर म्हणजे इन्स्टॉलेशन कस्टमायझेशन टूल, आणि वापरणारे लोक त्या टूलच्या लेखकाकडे 'हेही टाका, तेही येऊ द्या' असं जे मागत आले ती फीचर मागणी. विंडोज २०००, एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठी एनलाइट, व्हिस्टासाठी व्हीलाइट आणि त्यापुढच्या विंडोजसाठी एनटीलाइट ही तिन्ही टूल्स दिनो नुहागिच या एकाच प्रोग्रामरची, आणि या नोंदीचा मुख्य आधार तीच. खानदेश म्हणजे इथे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे धरलेत. 'विंडोज मारणे' म्हणजे मशीनवर विंडोज इन्स्टॉल करणे, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही.

या मागण्यांचं मूळ कुठलं यावर दोन मतं आहेत. एक मत असं की सगळं ९८लाइटपासून सुरू झालं. ते टूल साधारण १९९८-९९ च्या सुमाराचं, विंडोज ९८ मधून इंटरनेट एक्सप्लोरर काढून टाकायचं आणि पाहिजे तर विंडोज ९५ चा हलका एक्सप्लोरर बसवून द्यायचं, आणि तेव्हा अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर ब्राउझर विंडोजला जोडून विकल्याचा खटला चालू असल्याने 'हा भाग निघतो की नाही' हा प्रश्न नुसता तांत्रिक राहिला नव्हता. या मतानुसार फीचर मागणी म्हणजे मुळात 'काढून टाका' ही मागणी, आणि टूल्सच्या नावातलं 'लाइट' तेच सांगतं. दुसरं मत मूळ मागे नेतं, मोठ्या ऑफिसांच्या सिस्टीम ॲडमिनकडे. विंडोज एनटी ४ (१९९६) च्या वेळीही अनअटेंड.टीएक्सटी नावाची उत्तरांची फाइल देता यायची म्हणजे सेटअप प्रश्न विचारत बसायचा नाही, आणि विंडोज २००० पासून सर्व्हिस पॅक (कंपनीच्या अपडेटचा एकत्र गठ्ठा) सरळ इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये मुरवता यायला लागला, त्याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. मागण्या नीट वाचल्या तर काढण्यापेक्षा घालण्याच्या जास्त टिकाऊ दिसतात, काढण्याच्या मागण्या रॅम वाढली की विरतात आणि घालण्याच्या मात्र दर पिढीत परत येतात, त्यामुळे दुसरं मत जास्त जुळतं. नाव पहिल्या परंपरेतून आलं आणि काम दुसऱ्या, असं म्हटलं तरी चालेल.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला आली. कमीत कमी ६४ एमबी रॅम, १२८ असली तर बरं, असं कंपनीच सांगायची, आणि १२८ च्या मशीनवर अँटिव्हायरस टाकला की 'मना कॉम्प्युटर हँग होई ऱ्हायना भाऊ' हे वाक्य ठरलेलं. म्हणून सुरुवातीच्या मागण्यांत मेसेंजर काढा, मूव्ही मेकर काढा, वॉलपेपर काढा, नको त्या सर्व्हिसेस बंद करा असं सगळं होतं, ते एनलाइटमध्ये लवकर आलं आणि त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. त्यातली खरी अडचण वेगळी होती, एक भाग काढला की दुसरा कुठला बंद पडेल ते कळायचं नाही, प्रिंटर जायचा, नेटवर्क जायचं. त्यातून 'काढण्याआधी सांगा' ही मागणी पुढे आली आणि टूल आधी विचारायला लागलं की तुम्हाला प्रिंटिंग पाहिजे का, अमुक पाहिजे का, आणि त्याप्रमाणे ते भाग झाकून ठेवायला लागलं. माझ्या मते काढण्याच्या बाजूची सगळ्यात मोलाची मागणी हीच.

पण जिच्याबद्दल सविस्तर लिहायला पाहिजे ती ड्रायव्हरची मागणी. एक्सपीचा सेटअप दोन टप्प्यांत चालतो, पहिला निळ्या पडद्यावरचा टेक्स्टमोड, दुसरा माउस चालणारा. टेक्स्टमोडमध्ये हार्ड डिस्क दिसायला कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो आणि सीडीत नसलेला ड्रायव्हर द्यायचा एकच सरळ रस्ता होता, सुरुवातीला एफ६ दाबायचं आणि ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालायची. साधारण २००६-०७ नंतर साटा डिस्क एएचसीआय मोडमध्ये (डिस्क कंट्रोलरची नवी पद्धत, जिचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही) असलेले लॅपटॉप यायला लागले आणि त्यांना फ्लॉपीच नव्हती, मग सेटअप एकतर 'हार्ड डिस्क सापडली नाही' म्हणायचा नाहीतर ७बी नंबरची निळी स्क्रीन द्यायचा. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा जुन्या पद्धतीवर म्हणजे आयडीई किंवा कंपॅटिबल करायचं हा तात्पुरता उपाय, पण काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो पर्यायच नसायचा. साध्या ड्रायव्हरची फाइल फोल्डरात टाकून भागत नाही, टेक्स्टमोडसाठी ड्रायव्हरची .एसवायएस फाइल सीडीवरच्या आय३८६ फोल्डरमध्ये आणि तिची नोंद टीएक्सटीसेटअप.एसआयएफ मध्ये, शिवाय त्या कंट्रोलरचा हार्डवेअर आयडी, हे सगळं जुळावं लागतं, आणि हाताने करताना एक ओळ चुकली की सीडी वाया. एनलाइटने ड्रायव्हर निवडताना 'टेक्स्टमोड की पीएनपी (म्हणजे दुसऱ्या टप्प्यात लागणारा साधा ड्रायव्हर)' एवढं विचारून हे काम दोन क्लिकवर आणलं. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून शहाद्या-तळोद्याच्या दुकानापर्यंत एक्सपी रिपेअरिंग करणाऱ्या माणसाला हे टूल कशासाठी लागायचं तर याच्यासाठी.

याच जातीची जुनी तक्रार मोठ्या डिस्कची. सर्व्हिस पॅक नसलेली पहिली एक्सपी ४८ बिट ॲड्रेसिंग (मोठ्या डिस्कवरची जागा मोजायची पद्धत) धरत नव्हती, म्हणून १६० जीबीची डिस्क तिला १३७ जीबीच दिसायची, गिऱ्हाईक म्हणायचं दुकानदाराने फसवलं. सर्व्हिस पॅक १ मुरवलेली सीडी केली की प्रश्न मिटायचा.

विंडोज ७ च्या वेळी तीच मागणी वेगळ्या कपड्यांत आली. २०१५ च्या इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून बोर्डांतला जुना यूएसबी कंट्रोलर गेला, विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर माउस मेला, कीबोर्ड मेला. ड्रायव्हर इन्स्टॉल.विममध्ये (डिस्कवर उतरणाऱ्या विंडोजची फाइल) घालून उपयोग नाही, कारण तो पडदा बूट.विममधून (सेटअप चालवणारी फाइल) चालतो, आणि बूट.विममध्येही दोन इमेज असतात त्यातली दुसरी सेटअपची, तिथे घालावा लागतो. म्हणून 'एकच ड्रायव्हर सगळ्या इमेजमध्ये एकदम घाला' ही मागणी. आणि ११ व्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) चालू असली की विंडोज १० चा सेटअप परत डिस्क दाखवत नाही. आता पेनड्राइव्हवरून लोड ड्रायव्हर करता येतं एवढाच फरक.

आता देवनागरीचा मुद्दा, आणि आपल्याकडच्या वापराच्या दृष्टीने तो ड्रायव्हरएवढाच मोठा आहे. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांचा आधार आपोआप चालू नसायचा, रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइल्सवर टिक करायची, मग ती सीडी मागायची, रीस्टार्ट व्हायचं. ते केलं नाही तर शिरपूरच्या 'शि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि मुक्ताईनगरमधला 'क्ता' तुटून पाय मोडलेला क आणि ता असे वेगळे दिसायचे, मजकूर बरोबर असूनही वाचता यायचा नाही. त्यात ज्याने जागा वाचवायला भाषांचे गट काढून 'लाइट' सीडी बनवली त्याच्या मशीनवर नंतर टिक करूनही काही व्हायचं नाही, कारण फाइल्सच गेलेल्या. म्हणून इथल्या माणसाची मागणी उलटी, भाषा काढा नाही तर भाषा आधीपासून चालू करून द्या. उत्तरांच्या फाइलमध्ये म्हणजे विनएनटी.एसआयएफ मध्ये हे जमतं : लँग्वेज ग्रुप १५ म्हणजे भारतीय लिप्या, मराठीचा कोड ०४४ई, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कळमांडणी) कीबोर्ड त्याच नंबरचा, आणि टाइमझोन १९० म्हणजे आपला साडेपाच तासांचा. हे चार आकडे एकदा भरले की सीडी टाकून मशीन चालू करायचं आणि उठल्यावर मराठी टाइप होतं. एमएससीआयटीच्या क्लासमध्ये एकामागून एक मशीन उभी करायची असली की हा फरक लगेच कळतो, कारण नाहीतर माणसाला प्रत्येक मशीनपाशी एक्सपीच्या सेटअपचा '३९ मिनिटं बाकी' म्हणणारा पडदा बघत बसावं लागतं आणि मध्येच प्रश्न आला की तो तिथेच थांबून राहतो. भारनियमनाच्या दिवसांत असं अडकून राहणं परवडायचं नाही, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

व्हिस्टापासून भारतीय लिप्यांचा आधार आपोआप चालू यायला लागला, ती अडचण गेली, आणि विंडोज ८ पासून देवनागरी दाखवायला निर्मला यूआय हा फॉन्ट आला. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट मात्र विंडोज १० मध्ये वेगळ्या पर्यायी फीचरमध्ये गेले, ते इंटरनेटवरून उतरवावे लागतात, आणि मंगलमध्ये केलेला जुना अर्ज नव्या मशीनवर उघडला की ओळी सरकतात, दीड पानाचा अर्ज दोन पानांचा होतो. हे फॉन्ट आयएसओतच घालून मिळावेत ही मागणी साधी वाटते पण सेतू केंद्र चालवणाऱ्याला विचारा.

विंडोज ११ च्या मागण्या बहुतेक अटी ओलांडायच्या आहेत. टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क या अटी, वर मायक्रोसॉफ्टच्या खात्याची सक्ती. २०२१-२२ मध्ये रुफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवणाऱ्या टूलने पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएमची तपासणी आणि खात्याची सक्ती गाळायचे पर्याय दिले, त्यामुळे पूर्ण कस्टमायझेशन टूलकडे न जाताच बऱ्याच जणांचं काम भागतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपल्यावर जुन्या मशीनसाठी या मागणीला जोर आला. स्वतःच्या आयएसओत बदल करणं आणि तशी बदललेली आयएसओ वाटणं किंवा विकणं यात मात्र फरक आहे, दुसरं लायसन्समध्ये बसत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या तयार 'लाइट' सीडीत काय घातलंय ते बनवणाऱ्यालाच माहीत, म्हणून ती घेऊ नये.

लिनक्सकडे हे काम वेगळ्या टूलपेक्षा इन्स्टॉलरच उत्तरांच्या फाइलवरून करतो, डेबियनमध्ये प्रीसीड, रेड हॅटमध्ये किकस्टार्ट, उबंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, पण फक्त ग्राफिकल, जो २००७ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. टेक्स्टवाला इन्स्टॉलर निवडला तर भाषांच्या यादीत मराठी दिसतच नाही.