नेकचा बाक आणि नेकचा कोन
आषाढात कोकणातल्या घरांची दारे फुगून चौकटीत अडकू लागतात, त्याच सुमारास गिटारच्या तारा फिंगरबोर्डापासून (बोटे दाबायच्या पट्टीपासून) वर गेल्यासारख्या वाटतात आणि एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना बोट दुखते. अशा वेळी बहुतेक जण ॲलन की घेऊन ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) आतली धातूची सळई, पिळायला बसतात. तारा उंच होण्यामागे दोन निराळे दोष असू शकतात आणि ट्रस रॉड त्यांपैकी एकावरचाच उपाय आहे.

पहिला दोष नेकच्या बाकाचा. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो भरतो. त्याने नेक पुढे वाकतो आणि ट्रस रॉड त्याला आतून सावरतो. सुरात लावलेल्या गिटारची जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (फिंगरबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकाच वेळी दाबून सातव्या फ्रेटवरची फट पाहावी. तिथे व्हिजिटिंग कार्ड सैल सरकत असेल तर बाक जास्त आहे. रॉड पाव फेरा आवळावा आणि पुन्हा पाहावे.

दुसरा दोष नेकच्या कोनाचा; तो नेक सरळ असतानाही उद्भवतो. गिटारच्या पेटीची पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. दमट हवेत ती फुगते, कडांना चिकटवलेली असल्याने बाजूला पसरू शकत नाही, म्हणून पोटासारखी वर येते आणि तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजलाही उचलते. वर्षानुवर्षांच्या ताणाने नेकचा सांधाही पुढे कलतो. फ्रेटांवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर न टेकता त्याच्या अंगावर आदळली, तर दोष कोनाचा समजावा.

वेंगुर्ल्याहून माझ्याकडे आलेल्या एका गिटारचा रॉड इतका आवळलेला होता की नेक उलटा मागे वाकला होता: पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर तारा खरखरत होत्या, तरी बाराव्यावर उंची चार मिलिमीटर होती. रॉड सैल केला, बंद केसमध्ये सिलिका जेलसोबत तीन आठवडे ठेवले आणि फळी बरीचशी बसली.

उरलेल्या उंचीसाठी सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी, घासता येते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावी लागते. मात्र हे काम पावसाळ्यात करू नये, कारण मार्गशीर्षात फळी आक्रसली की त्याच तारा फ्रेटांना घासू लागतात. सांधाच कलला असेल, तर वाफेने सरस सैल करून नेक काढावा व नव्या कोनात बसवावा लागतो. बोल्टचा नेक असल्यास हे काम बरेच सोपे, तर स्वस्त गिटारच्या बाबतीत त्याचा खर्च बहुधा वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो.