उसनवार (ग्रामीण विदर्भ)

वस्तू, पैसा किंवा श्रम बिनव्याजी घेऊन तेवढेच परत करण्याचा व्यवहार म्हणजे उसनवार. इंग्रजीत कोणी अडचणीत कामी आला की ‘आय ओ यू वन’ म्हणतात. तुझी एक मदत माझ्याकडे बाकी राहिली, असा त्याचा आशय. त्यात काय फेडायचे आणि केव्हा, दोन्ही मोघम असते. उसन्यात काय फेडायचे ते पक्के असते, केव्हा एवढेच सैल.

“माय, वाटीभर साखर दे, बाजाराच्या दिवशी आणून देतो,” असे शेजारीण म्हणते (वऱ्हाडी बोलीत बाईही ‘देतो’च म्हणते). फेडताना त्याच वाटीने मोजतात. घेताना साखर काठोकाठ असेल, तर देताना ती शिगोशीग भरतात. वरची ती शीग म्हणजे व्याज नव्हे, घराची अब्रू. दिवेलागणीनंतर मीठ आणि विरजण मात्र अनेक घरांत उसने देत नाहीत.

शेतातल्या उसनवारीला सावड म्हणतात. एकेकच बैल असलेले दोघे मिळून जोडी जमवतात आणि आळीपाळीने एकमेकांची डवरणी (उभ्या पिकातली कोळपणी) उरकतात. निंदणाला बायका एकमेकींच्या वावरात जातात. हिशेब दिवसाला दिवस असा. पावसाने उघडीप दिली की प्रत्येकालाच घाई असते. अशा वेळी आपले वावर मागे ठेवून दुसऱ्याचा दिवस आधी फेडणे सोपे नसते, आणि सावडीची खरी परीक्षा तिथेच होते.

रोख रकमेला हातउसने म्हणतात. कागद नाही, व्याज नाही; बोली ‘कापूस विकल्यावर’ एवढीच. सावकारी याहून वेगळी. तिला परवाना लागतो आणि २०१४ पासून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे.

उसने फिटले की माणूस मोकळा होतो. न फिटले तर तो मिंधा होतो, समोरचा दिसला की वाट बदलतो. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात तोही याच धाकाने: त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढा तरी परत जायला हवा. मयतीला दिलेला खांदा मात्र कोणी उसना धरत नाही.

भाड्याचा ट्रॅक्टर आणि तणनाशक आल्यापासून बैलांची आणि निंदणाची सावड कमी झाली आहे. साखरेची वाटी अजून या घरातून त्या घरात जाते.