कर्णबधिर व्यक्तींनी ११२ ची मदत कशी मागावी आणि आपत्ती नोंदीसाठी अर्ज कसा करावा : सांगली जिल्ह्यासाठी माहिती

पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठीच्या ११२ या क्रमांकावर फोनखेरीज एसएमएस आणि ‘११२ इंडिया’ या मोबाइल ॲपद्वारेही मदत मागता येते, आणि त्यासाठी अपंगत्वाचा कोणताही दाखला लागत नाही. ॲपमध्ये नाव, मोबाइल क्रमांक आणि जवळच्या नातेवाइकांचे क्रमांक आधीच भरून ठेवावेत. संकटाच्या वेळी बटण दाबल्यावर ठिकाणासह सूचना नियंत्रण कक्षाकडे आणि त्या नातेवाइकांकडे जाते.

खरी अडचण त्यापुढे येते. खात्री करून घेण्यासाठी नियंत्रण कक्षातून उलट फोन येऊ शकतो आणि कर्णबधिर व्यक्तीला तो घेता येत नाही. म्हणून पहिल्याच संदेशात सगळे यायला हवे : ‘मला ऐकू येत नाही, फोन न करता मेसेज करा. आई बेशुद्ध आहे, रुग्णवाहिका हवी. मारुती चौक, सांगली, दुसरा मजला.’ घराचा पत्ता असलेला असा मजकूर फोनमध्ये आधीच लिहून ठेवावा, कारण घाबरलेल्या हातांनी ऐनवेळी पत्ता लिहिणे फार कठीण असते.

अमेरिकेत कर्णबधिर व्यक्ती व्हिडिओफोनवर दुभाष्याशी खुणांच्या भाषेत बोलते, दुभाषी ते ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला बोलून सांगतो आणि नोंदवलेला पत्ताही सोबत पोहोचतो. ब्रिटनमध्ये अशी ९९९ सेवा जून २०२२ पासून आहे. आपल्याकडे घरच्या घरी याच्या जवळ जाणारी सोय करता येते. खुणा समजणाऱ्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल करावा आणि त्याने दुसऱ्या फोनवरून ११२ ला कळवावे. मात्र यंत्रणेला फोन करणाऱ्याचे ठिकाण दिसत असते. नातेवाईक मिरजेत किंवा पुण्यात असेल, तर संकटात असलेल्या माणसाचा पत्ता त्याने अगदी पहिल्या वाक्यात सांगितला पाहिजे.

महापुराचा प्रश्न वेगळा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फूट, म्हणजे इशारा पातळी, ओलांडू लागली की गल्लोगल्ली लाउडस्पीकरवरून सूचना दिल्या जातात, आणि नेमक्या त्याच कर्णबधिर माणसापर्यंत पोहोचत नाहीत. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि धोक्याची माहिती त्यांना कळेल अशी व्यवस्था करणे, ही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जबाबदारी आहे. ही सवलत नसून हक्क आहे, हे अर्ज करताना विसरू नये.

जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणून या नोंदीसाठी साध्या कागदावरील अर्ज त्यांच्या नावे करावा. त्यात घराचा नेमका पत्ता, मजला, एसएमएससाठीचा मोबाइल क्रमांक आणि प्रत्यक्ष येऊन उठवू शकेल अशा शेजाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. सोबत आधार कार्डाची आणि दिव्यांग ओळखपत्राची, म्हणजे यूडीआयडीची, प्रत जोडावी.

यूडीआयडी नसल्यास ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर आधार, रहिवासाचा पुरावा, छायाचित्र आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा देऊन अर्ज करता येतो, आणि त्यानंतर रुग्णालयात श्रवणचाचणी होते. दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ७० डेसिबल असेल तर कायद्याने ती व्यक्ती बधिर ठरते. ६० ते ७० डेसिबल असल्यास ऊनश्रवण, म्हणजे कमी ऐकू येणारी.

जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे केलेला अर्ज पावसाळ्यापूर्वी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि घर किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर त्याच पोचेचा संदर्भ देऊन लेखी कळवावे.