बोटं सोलली म्हणजे गिटार आली?

‘मे महिन्याच्या सुट्टीत रोज सहा तास सलग घासा, बोटं सोलली की गिटार आली’ असं मुलांना सांगितलं जातं. क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात. सहा तारांचा मिळून ताण साधारण 40 किलो, स्टीलच्या गिटारच्या जवळपास निम्मा. बोटांची टोकं हुळहुळतात, राठ होतात, एवढंच.

दाब किती लागतो, तपासून पाहा. फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, लगेच मागे बोट नुसतं टेकवून तार छेडा, आवाज बसका येईल. मग दाब हळूहळू वाढवा. सूर स्वच्छ झाला की थांबा. तेवढाच दाब पुरतो. फ्रेटपासून लांब दाबलं की उगाच जोर लागतो.

तरीही बोटं दुखतात? मग गिटारकडे बघा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लाकूड फुगतं, पुढची फळी वर येते, तारा उंचावतात. 12व्या फ्रेटवर पट्टी धरा: सर्वांत जाड तारेखाली 4 मिमी, सर्वांत पातळ तारेखाली 3 मिमीच्या आसपास हवं. जाड तारेखाली 5 भरलं तर कारागिराकडून सॅडल (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घ्या, पण थोडंच. कोरड्या दिवसांत फळी बसते आणि तारा फ्रेटवर खरखरतात.

समुद्रात डुंबून आल्याआल्या वाजवू नका. भिजलेली कातडी मऊ असते, ती खरंच सोलते. 25 मिनिटं वादन, 5 मिनिटं विश्रांती, असे दिवसभरात चार-पाच फेरे पुरेत. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार पेटीत.